घरटे पाहावे, पाखराला न कळता

(शिक्षक, पंचायत सदस्य व क्षेत्रीय अधिकारी यांच्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)

घरटे म्हणजे पाखराचे घर, अशी सर्वसाधारण समजूत आहे. बालगीतांनी आणि क्रमिक पुस्तकांतील चित्रांनी ती पक्की केली आहे. वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. काही मोजक्या जाती सोडल्या, तर पक्षी घरट्यात राहत नाहीत. वर्षातील बहुतेक रात्री ते झाडाच्या फांदीवर, कड्याच्या कपारीत, बांबूच्या बेटात किंवा पाणथळीतल्या गवतात काढतात. घरटे बांधले जाते ते अंडी उबविण्यासाठी आणि पिलांना पंख फुटेपर्यंत सांभाळण्यासाठी. त्याचा मुक्काम काही आठवड्यांचा. तेव्हा घरट्याला घराची उपमा देण्याऐवजी बाळंतिणीच्या खोलीची उपमा दिली, तर ती अधिक शोभेल. घरी आलेल्या पाहुण्याचे स्वागत होते. बाळंतिणीच्या खोलीत शिरलेल्या परक्या माणसाचे होत नाही.

हा फरक आरंभीच सांगण्याचे कारण असे की, घरट्यांचे निरीक्षण व छायाचित्रण या छंदाचा प्रसार अलीकडे फार झपाट्याने झाला आहे. दूरचे दृश्य जवळ आणणारी भिंगे आणि महागडे कॅमेरे ही एके काळी मूठभर हौशी मंडळींची मिरासदारी होती. आता खेड्यातील शाळकरी मुलाच्या हातीही छायाचित्र घेणारा मोबाइल असतो. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. ज्या मुलाने काल बुलबुलावर बेचकी रोखली असती, तो आज त्याचे चित्र टिपू पाहतो, हा बदल लहान नव्हे. परंतु मोबाइलच्या कॅमेऱ्याला दुरून पाखरू धड दिसत नाही. म्हणून मनुष्य जवळ जातो. आणि घरट्याच्या बाबतीत सारा अनर्थ या जवळ जाण्यातूनच घडतो.

अंड्यांच्या पेटीपासून किहीमच्या बागेपर्यंत

भारतातील घरट्यांच्या पद्धतशीर अभ्यासाचा पाया एका मुलकी अधिकाऱ्याने घातला, ही हकीकत अधिकारीवर्गाला मौजेची वाटेल. अ‍ॅलन ऑक्टेव्हिअन ह्यूम हे १८५७ च्या उठावाच्या वेळी इटाव्याचे कलेक्टर होते. १८८५ मध्ये राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला, म्हणून इतिहासाच्या पुस्तकात त्यांचे नाव येते. पक्षिशास्त्रात ते येते, ते भारतीय पक्ष्यांची घरटी व अंडी यांवरील १८७३ पासून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथामुळे. देशभर विखुरलेल्या मुलकी व लष्करी अधिकाऱ्यांकडून त्यांनी टिपणे मागविली आणि ती त्या त्या माणसाच्या नावानिशी छापली. सरकारी नोकरीतील बदल्या अशा कामी कशा उपयोगी पडतात, याचा तो नमुनाच होय.

मात्र त्या काळची रीत निराळी होती. घरटे सापडले की अंडी काढून घ्यावयाची, बारीक छिद्र पाडून ती आतून पोकळ करावयाची आणि कापसाच्या पेटीत मांडून ठेवावयाची. या संग्रहांचा पुढे एक अकल्पित उपयोग झाला, हेही सांगितले पाहिजे. १९६७ मध्ये डेरेक रॅटक्लिफ या ब्रिटिश शास्त्रज्ञाने शिकारी पक्ष्यांच्या जुन्या आणि नव्या अंड्यांची कवचे ताडून पाहिली, तेव्हा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळातील कवचे पातळ झाल्याचे आढळले. डीडीटीसारख्या कीटकनाशकांचा हा परिणाम होता. तथापि, अंडी गोळा करण्याचा तो छंद आज कायद्याने बंद झाला आहे, आणि ते योग्यच झाले.

घरट्याला हात न लावता केवळ पाहत बसल्याने किती ज्ञान हाती येते, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच घडले. १९३० साली डॉ. सालीम अली जर्मनीतील प्रशिक्षण संपवून परतले, तेव्हा मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील त्यांची जागा पैशांअभावी रद्द झालेली होती. हातात काम नव्हते. अलिबाग तालुक्यातील किहीम या गावी पत्नीच्या आप्तांचे घर होते. तेथे ते राहावयास गेले. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळ्याचे दिवस होते, आणि वेळ तर मुबलक होता. त्यांनी ती घरटी रोज पाहण्यास व लिहून ठेवण्यास प्रारंभ केला. त्या टिपणांवरून तयार झालेल्या निबंधाने त्यांचे नाव पक्षिशास्त्राच्या जगात प्रथम गाजले.

सुगरणीचे घरटे कोणी पाहिले नाही? विहिरीवर वाकलेल्या बाभळीला, ओढ्याकाठच्या शिंदीला, पाण्यावर लोंबणारे, खाली लांब नळी असलेले ते घरटे प्रत्येक गावाच्या शिवारात असते. खानदेशात त्याला खोपा म्हणतात, आणि बहिणाबाई चौधरी यांच्या कवितेने हा खोपा मराठी घराघरांत पोचविला आहे. पण या कौतुकात एक गंमत राहून गेली. मराठी भाषेने विणकामाचे श्रेय मादीला देऊन पक्ष्याचे नाव सुगरण ठेवले. खोपा विणतो तो नर.

हा नर गवताच्या, भाताच्या किंवा शिंदीच्या पात्याला चोचीने खाच पाडतो, ते टोक घट्ट धरून उडतो आणि त्याबरोबर पात्याचा लांब धागा सोलून निघतो. असे धागे आणण्यासाठी एका घरट्यामागे त्याच्या पाचशेपर्यंत खेपा होतात. साधारण आठवडाभराच्या श्रमानंतर घरट्याला टांगलेल्या शिरस्त्राणासारखा आकार येतो, आणि येथे काम थांबते. अशी अर्धवट घरटी प्रत्येक वसाहतीत दिसतात. पावसात बसण्यासाठी नराने स्वतःला बांधलेले ते झोपाळे आहेत, असे पूर्वी सांगितले जाई. प्रत्यक्षात ती मादीच्या पसंतीसाठी थांबलेली असतात. माद्या येतात, आत शिरून पाहणी करतात. नर बाहेर लोंबकळत पंख फडफडवून आपल्या कामाची जाहिरात करीत असतो. एखादीला घरटे पसंत पडले, की नर ते पूर्ण करतो, खाली नळी विणतो. मादी दोन ते चार अंडी घालून ती एकटीच उबवू लागते. आणि नर? तो शेजारच्या फांदीवर दुसऱ्या घरट्याला सुरुवात करतो, दुसऱ्या मादीसाठी. न आवडलेली घरटी तशीच सोडून दिली जातात.

घरट्याच्या आत चिखलाचे गोळे लावलेले असतात, त्याविषयीही एक सुंदर लोकसमजूत आहे. सुगरण त्या चिखलात काजवे चिकटवून दिवा लावते, असे म्हणतात. चिखल खरा आहे, काजवे नाहीत. तो चिखल कशासाठी, याविषयी मात्र तज्ज्ञांचे अद्याप एकमत झालेले नाही.

यातील कोणतीही गोष्ट अंड्यांच्या पेटीतून कळली नसती, एका छायाचित्रातून तर नाहीच. छायाचित्र सांगेल की घरटे अपुरे आहे. ते का अपुरे आहे, हे रोज येऊन बसणाऱ्यालाच कळते. म्हणून ज्यांच्याजवळ कॅमेरा नाही, अशा शिक्षकांनी मन लहान करण्याचे कारण नाही. वही, पेन्सिल, घड्याळ आणि बसण्याची तयारी एवढ्या भांडवलावर किहीमचे काम झाले.

लपण

घरट्याचे छायाचित्रण हे पक्षिछायाचित्रणाचे सर्वांत जुने अंग आहे, आणि त्याला कारण होते. जुन्या कॅमेऱ्यांना हलते पाखरू पकडता येत नसे. घरट्यावर मात्र ते हमखास येई. इंग्लंडमधील रिचर्ड व चेरी कीर्टन या बंधूंनी १८९२ मध्ये घरट्यातील अंड्यांचे छायाचित्र घेतले, आणि १८९५ मध्ये ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवरचा त्यांचा सचित्र ग्रंथ निघाला. पाखरांनी बुजू नये म्हणून या बंधूंनी काय करावे? खऱ्या बैलाच्या कातड्याचा पोकळ बैल तयार करून घेतला आणि कॅमेऱ्यासह त्याच्या पोटात बसून ते कुरणात उभे राहू लागले. पोळ्याच्या दिवशीही असे सोंग कोणी काढले नसेल! परंतु त्यामागील विचार अचूक होता. पाखरू बैलाला भीत नाही, माणसाला भिते.

अशा आडोशाला मराठीत लपण हा नेमका शब्द आहे. जाणकार छायाचित्रकार लपण एका दिवसात घरट्याजवळ उभारीत नसत. प्रथम ते दूर ठेवीत, रोज थोडे पुढे सरकवीत आणि पाखराने ते मान्य केल्याची खात्री पटल्याशिवाय आत बसत नसत. या कलेतील ब्रिटिश अग्रणी एरिक हॉस्किंग यांना १९३७ मध्ये घुबडाच्या घरट्याजवळ घुबडाचा हल्ला होऊन डावा डोळा गमवावा लागला. पुढेही त्यांनी कॅमेरा सोडला नाही. ही घटना सांगताना त्यांच्या धैर्याचे कौतुक केले जाते, ते रास्तच आहे. पण पिलांच्या रक्षणासाठी पाखरू कोणत्या थराला जाते, हाही त्यातील भाग तितकाच महत्त्वाचा आहे. आणि सर्वच पाखरांना घुबडाची नखे नसतात.

आज दूरवेधी भिंगे सुधारली आहेत, उडत्या पाखराचे स्वच्छ चित्र सहज मिळते, त्यामुळे घरट्यावर जाण्याची जुनी गरज उरलेली नाही. अनेक छायाचित्रस्पर्धांत घरट्यावरची चित्रे आता स्वीकारली जात नाहीत. हा निर्णय योग्य वाटतो. बक्षिसाच्या आशेने घरट्यासमोरील फांद्या तोडणारे, पाने बांधून ठेवणारे लोक त्यामुळे काही प्रमाणात तरी थांबतील. घरट्यावरचे एक पान पाखराने विचारपूर्वक निवडलेले असते असे म्हटले, तर ती अतिशयोक्ती होईल. पण त्या पानाने दुपारचे ऊन आणि कावळ्याची नजर अडवलेली असते, हे मात्र खरे.

माळावरील चार अंडी

चित्र घेणाऱ्याच्या हातून नेमके काय बिघडते, हे समजण्यासाठी टिटवीचे उदाहरण घ्यावे. ते प्रत्येक गावात पडताळता येते. टिटवी घरटे बांधतच नाही. उघड्या माळावर, नांगरटीत, क्वचित शाळेच्या मैदानाच्या कडेला खडे सारून केलेल्या उथळ खळग्यात ती बहुधा चार अंडी घालते. अंड्यांचा रंग मातीसारखा, त्यावर काळपट ठिपके. दोन पावलांवर उभे राहूनही ती दिसू नयेत, हीच त्यांची संरक्षणाची सोय.

हा काळ कडक उन्हाळ्याचा. अशा वेळी टिटवी अंड्यांवर बसते, ती ऊब देण्यासाठी कमी आणि सावली देण्यासाठी अधिक. दुपारच्या वेळी नर-मादी आळीपाळीने पाण्यावर जातात, पोटाकडची पिसे भिजवितात आणि तशीच ओली परत येऊन अंड्यांवर बसतात. अंडी थंड ठेवण्याची ही त्यांची युक्ती शास्त्रज्ञांनी नोंदविली आहे. आता अशा दुपारी एखादा मनुष्य घरट्याजवळ कॅमेरा लावून बसला, तर टिटवी डोक्यावर घिरट्या घालीत ओरडत राहते. ओरडणारे पाखरू चित्रात छान येते. तिकडे उघडी पडलेली अंडी तापलेल्या मुरमावर भाजत असतात. मनुष्य निघून जातो, टिटवी परत येते, नेमाने अंड्यांवर बसते. पिले मात्र निघत नाहीत. ज्याने चित्र घेतले, त्याला हे कधी कळतही नाही. घरट्याच्या हानीचे हेच वैशिष्ट्य आहे. ती करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर घडत नाही.

धनेशाचे उदाहरण याहून कठोर आहे. मादी जुन्या वृक्षाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठेने व मातीने ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट राहते. या बंदिवासात तिची उडण्याची पिसे गळून नवी येतात, त्यामुळे मनात आणले तरी तिला उडता येत नाही. कित्येक आठवडे तिचे व पिलांचे पोट नराच्या चोचीवर अवलंबून असते. धनेश मोठा सावध पक्षी आहे. झाडाखाली माणसे उभी असली, तर तो फळ घेऊन दूरच्या झाडावर बसून राहतो, ढोलीकडे येत नाही. खालच्या मंडळींना वाटते, आज नर उशिरा आला. आतल्या कुटुंबाचे एक जेवण चुकलेले असते.

तेव्हा घरट्यापाशी प्रथम पाहावयाचे, ते अंडी किती आहेत हे नव्हे. पाखराचे वागणे बदलले की काय, हे. चोचीत अळी धरून पाखरू फांदीवर थांबले आहे आणि घरट्याकडे जात नाही, एकसारखा धोक्याचा आवाज काढते आहे, जमिनीवर पंख मोडल्याचे सोंग करीत दूर दूर चालले आहे, यांपैकी काहीही दिसले, तर आपण फार जवळ आलो आहोत असे समजावे आणि मागे फिरावे. पाच-दहा मिनिटांत पाखरू घरट्यावर परतले नाही, तर जागाच सोडावी. घरटे बांधण्याच्या अवस्थेत पाखरू सर्वांत लवकर ते सोडून देते. पिलांना पंख फुटण्याच्या सुमारास धोका वेगळा असतो. घाबरलेली पिले वेळेपूर्वीच बाहेर उड्या टाकतात आणि मांजराच्या तोंडी जातात. एकाच वाटेने पुनःपुन्हा जाऊ नये, कारण तुडवलेल्या गवतावरून मुंगूस आणि माणसाच्या थांबण्यावरून कावळा घरट्याचा माग काढतो. प्रकाशझोत वापरू नये. पक्ष्यांना बोलावण्यासाठी त्यांच्याच आवाजाची ध्वनिफीत वाजविण्याचा जो प्रकार सुरू झाला आहे, तो विणीच्या काळात तर सर्वथा वर्ज्य मानावा.

आणखी एक नवी गोष्ट. मोबाइलवर घेतलेल्या छायाचित्रात ते जेथे घेतले, त्या जागेचे अक्षांश-रेखांश नोंदले जाऊ शकतात. दुर्मीळ पक्ष्याच्या घरट्याचे चित्र प्रसृत करणे, म्हणजे कधी कधी त्याचा पत्ता प्रसृत करणे होय. माळढोकासारखा पक्षी, जो उघड्या गवताळ माळावर सामान्यतः एकच अंडे घालतो आणि महाराष्ट्रात आता नावापुरताच उरला आहे, त्याच्या बाबतीत अशी चूक पुन्हा दुरुस्त करता येणारी नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येईल. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकार या शब्दाची व्याख्या केली आहे, आणि वन्य पक्षी किंवा सरपटणारे प्राणी यांच्या अंड्यांना इजा करणे, त्यांची अंडी वा घरटी विचलित करणे यांचा समावेश त्या व्याख्येतच आहे. बंदूक न उचलताही मनुष्य कायद्याच्या दृष्टीने शिकारी ठरू शकतो. अभयारण्यात छायाचित्रणासाठी वनविभागाची परवानगी लागते.

मोजलेली घरटी

येथवरचे विवेचन ऐकून कोणी म्हणेल, घरट्याकडे पाहूच नये हे बरे. तसे मुळीच नाही. घरटी कोणी पाहिली नसती आणि मोजली नसती, तर आपल्या काळातील एक मोठे संकट फार उशिरा लक्षात आले असते.

भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ डॉ. विभू प्रकाश यांनी १९८७-८८ मध्ये पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची सुमारे साडेतीनशे घरटी मोजली होती. त्या वेळी गिधाड हा काही दुर्मीळ पक्षी नव्हता. गावाबाहेर मेलेले ढोर पडले की थव्याने उतरणारे गिधाड मोजण्यात काय अर्थ, असेच कोणालाही वाटले असते. परंतु १९९६-९७ मध्ये तीच मोजणी पुन्हा झाली, तेव्हा संख्या दीडशेच्या आसपास आली होती. आणखी दोन वर्षांत ती वीसवर आली. पुढे वसाहत संपली. ही जुनी टिपणे हाताशी नसती, तर गिधाडे कमी झाल्याची केवळ कुजबुज राहिली असती. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध याचे कारण असल्याचे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. रायगड जिल्ह्यात म्हसळे तालुक्यातील चिरगाव परिसरात उंच झाडांवर गिधाडांची घरटी राखण्याचे काम गावकऱ्यांच्या साहाय्याने झाले आहे. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते, हे ध्यानात घेतले म्हणजे एका घरट्याचे मोल कळते.

घरटी केवळ पाखरांचीच नसतात. भीमाशंकरच्या अरण्यात आपला राज्यप्राणी शेकरू उंच, बारीक फांद्यांवर काटक्या-पानांचे गोल घरटे करतो. एकच नव्हे, अनेक. शेकरू लाजाळू आहे, पण त्याची घरटी जमिनीवरून दिसतात, म्हणून त्याच्या गणनेत घरट्यांचाही हिशेब धरला जातो. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातील वेळास गावाची गोष्ट तर पंचायत सदस्यांनी आवर्जून समजून घ्यावी. तेथील वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवे अंडी घालतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास. पूर्वी ही अंडी खाण्यासाठी उकरून नेली जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांना बरोबर घेऊन घरटी राखण्यास आरंभ केला. भरतीच्या व कुत्र्या-कोल्ह्यांच्या तावडीतून सोडवून अंडी कुंपणातील वाळूत पुरली जातात, सुमारे पन्नास-साठ दिवसांनी पिले वर येतात आणि समुद्राकडे सोडली जातात. हे पाहण्यासाठी बाहेरगावचे लोक येऊ लागले. ते गावातील घरांतच उतरतात, गावचेच जेवण जेवतात. पिलांच्या वाटेत कोणी उभे राहत नाही, दोरीच्या अलीकडे थांबून सर्वांना पाहता येते, प्रकाशझोताला मनाई असते. घरटे राखून गावाला चार पैसे मिळतात, हे वेळासने कोकणाला दाखवून दिले. मात्र दोरी तोडून पुढे जाणारा पाहुणा आला, तर त्याला थांबविण्याचे काम शेवटी गावालाच करावे लागते.

शाळेची घरटे-वही

शिक्षकांना यात करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्याला खर्च नाही. शाळेत एक घरटे-वही ठेवावी. पक्ष्याचे स्थानिक नाव जसे ऐकले तसे लिहावे. प्रमाण नाव मागाहून पाहता येते. वनाधिकारी मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांचा पक्षिकोश त्यासाठी उपयोगी आहे. घरटे कोणत्या झाडावर, जमिनीपासून अंदाजे किती उंच, बांधणी कोणत्या तारखेला दिसली, पाखरू अंड्यांवर बसलेले प्रथम केव्हा दिसले, चोचीत चारा घेऊन केव्हा येऊ लागले, पिले केव्हा उडाली. हे सारे घरट्यात डोकावल्यावाचून कळते. दाराशी जास्वंदीत बुलबुलाने घरटे केले, तर वर्गाच्या खिडकीतून मुलांना तीन-चार आठवड्यांत सगळे नाट्य पाहावयास मिळेल. खिडकी हेच उत्तम लपण.

काही वर्षांच्या वह्या जमल्या, की त्यांतून गावातील जुन्या ठोकताळ्यांचीही परीक्षा घेता येईल. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस भरपूर, खोलगटात घातली तर ओढ. कावळ्याने कोणत्या झाडावर आणि किती उंच घरटे केले, यावरून पावसाचे मान. शेतकरी हे आडाखे पिढ्यान् पिढ्या बांधीत आले आहेत. त्यांना हसण्यात अर्थ नाही, आणि त्यांवर विसंबून पेरणी करण्यातही नाही. वहीत एका रकान्यात घरट्याची उंची आणि दुसऱ्यात तहसील कार्यालयाकडून मिळणारा पावसाचा आकडा, दहा वर्षे लिहावा, मग बोलावे.

पंचायत सदस्यांकडून अपेक्षा वेगळ्या आहेत. गावातील बहुतेक कामे मार्च ते जून या महिन्यांत उरकली जातात, कारण पुढे पावसाळा असतो. नेमकी हीच अनेक पाखरांची वीण. रस्त्याकडेच्या झाडांच्या फांद्या छाटणे, माळावरचे गवत जाळणे, शाळेची रंगसफेदी, मोऱ्यांची दुरुस्ती ही कामे टाळता येत नाहीत, हे मान्य आहे. पण छाटणीचा ठराव करताना एकदा झाडाखालून फिरून यावे, ढोली असलेले जुने झाड वाळले आहे एवढ्याच कारणाने लिलावात काढू नये, पुलाखालील पाकोळ्यांची घरटी वीण संपल्यानंतर खरवडावी. थोडे मागे-पुढे केल्याने काम अडत नाही. माळ पेटविण्याला तर कोणतेच समर्थन नाही. गवत पुन्हा येते, चंडोलाची आणि तित्तिराची अंडी येत नाहीत.

सुगरणीच्या वसाहती बहुधा विहिरींवरच असतात, आणि विहिरीचा गाळ काढताना वरची बाभूळ आडवी येते म्हणून तोडली जाते. पावसाळा संपेपर्यंत ती राहू द्यावी. दिवाळीनंतर खोपे रिकामे होतात. तेव्हा मुले ते शोभेसाठी काढून आणतात. वर्गात दाखविण्यासाठी खाली पडलेला एखादा खोपा पुरेसा आहे. बाकीचे झाडावरच असावेत, कारण सुगरणीने सोडलेल्या जुन्या खोप्यांत पुढे मुनिया येऊन राहतात.